सुट्टी झाल्यानंतरचा पहिला आठवडा

चि. प्रांजलीस,


मानोरा तालुक्यातल्या उपकेंद्रावर तू समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालीस, हे ताईने फोनवर सांगितले. खोली, पाणी, सोबत कोण, हे सगळे तिने विचारले असेलच. माझा जन्म वॉर्डात गेला, म्हणून मी दुसरेच लिहिते. वॉर्डातून आम्ही ज्यांना सुट्टी द्यायचो ते तुझ्या गावात परत येतात, आणि ते आल्याचे तुला कोणी कळवत नाही.

अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयातून लकव्याचा म्हातारा घरी येतो, असे धर. सुट्टीचे कार्ड इंग्रजीत. त्यावर रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी. बरोबर दिलेल्या संपल्या की पोरगा मेडिकलवरून चार दिवसांच्या आणतो. मग सोयाबीन विकल्यावर बघू म्हणतो. तोवर म्हातारा काठी टेकत ओसरीवर येऊन बसलेला असतो. ‘आता बरं हाय नं’ म्हणून गोळ्या सुटतात. दुसऱ्या झटक्याचा धोका नेमका पहिल्या काही आठवड्यांतच सगळ्यांत जास्त असतो. आयुष्मान भारत योजनेतसुद्धा सुट्टीनंतरची औषधे 15 दिवसांपुरतीच धरलेली असतात. सोळाव्या दिवशी गोळी कोण देणार, हे पहिल्या आठवड्यातच ठरायला हवे.

बाळांच्या बाबतीत आपण हे कधीच ठरवून टाकले आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी जाते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले, 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढे देशभर घरभेटी सुरू झाल्या. त्याच घरातल्या आजोबाला मात्र तारखा नाहीत. त्या तू लाव. एक साधी वही कर: कोण, कुठून सुटला, गोळ्या कधी संपणार. पण हे काम आशाताईवर ढकलून मोकळी होऊ नकोस. बाळाच्या त्या फेऱ्यांचे तिला 250 रुपये ठरलेले आहेत, लकव्याच्या अशा फेऱ्यांचे नाहीत. बातमी तिच्याकडून घे, पहिली भेट तू दे.

घरी गेलीस की आधी कार्ड आणि रिकामी पाकिटे माग. कार्डावर कंपनीचे नाव असते, तुझ्या कपाटात मूळ औषधाचे. घरच्यांना ती वेगळी, हलकी गोळी वाटते. दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून दाखव. नंतर कार्ड प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे ने आणि चालू औषधे त्यांच्याकडून नव्याने लिहून घे. एवढे झाले की दर महिन्याच्या गोळ्या तुझ्या उपकेंद्रावरून देता येतात. केंद्रावर आणि ग्रामीण रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

लोक तुला ‘लसीवाली बाई’ समजतील, रागावू नकोस. मोठ्या डॉक्टरवरचा विश्वास तुझ्या कामाचाच आहे. ‘अकोल्याच्या डॉक्टरांनी लिहिलेलीच गोळी आहे, काका’ एवढे म्हण. गरज पडली तर ई-संजीवनीच्या दूरसल्ल्यावर त्यांच्या देखत डॉक्टरांशी बोल.

अमेरिकेत कॅम्डेन नावाच्या गरीब शहरात डॉ. जेफ्री ब्रेनर यांच्या संस्थेने सुट्टीनंतर घरी जाण्याचे हेच काम मोठ्या जिद्दीने केले. वारंवार भरती होणाऱ्यांच्या घरी नर्स जायच्या, सामाजिक कार्यकर्ते जायचे, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जायचे. फार गाजावाजा झाला. मग 800 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी करून, एकाच गटाला घरभेटी देऊन पारख झाली. 2020 साली निकाल आला: सहा महिन्यांत दोन्ही गटांतले सुमारे 62 टक्के पुन्हा भरती झालेले. ती माणसे बहुव्याधींनी ग्रासलेली होती. कोणाला घर नव्हते, कोणाला व्यसन होते. यावरून घरभेटी फुकट, असे मी म्हणणार नाही. पण ज्या दारापर्यंत रुग्णाला पोचवायचे, तिथे काय मिळते हे आधी बघावे लागते. तुझ्याकडे आठ दिवस रक्तदाबाची गोळी नसली तर तो माणूस नवव्या दिवशी येणार नाही. साठा अर्धा झाला की मागणी टाक.

हृदयात स्टेंट घातलेल्याला वेगळी वागणूक दे. त्याची रक्त पातळ ठेवणारी औषधे मध्येच थांबली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. ती तुझ्याकडे नसतील तर तसे स्पष्ट सांग आणि कुठे मिळतील ते त्याच दिवशी शोधून दे. तपासणीची तारीख असेल तर एसटीचे सांग: पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, बायकांना अर्धे. भाड्याच्या धास्तीने तारीख चुकवणारी माणसे मी खूप पाहिली.

आणि तांडे. दिवाळीच्या आसपास तिथली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्याआधीच एक फेरी मार. डॉक्टरांना विचारून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या बांधून दे, औषधांची नावे आणि वेळा मराठीत लिहून दे, आणि मुकादमाचा फोन नंबर वहीत घे.

तुझी मावशी