लहान हातांना लहान चेंडू

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की 'डॉक्टर, मुलाला कोणत्या खेळाला घालू?' असे विचारणारे पालक दवाखान्यात येऊ लागतात. नाशिकमध्ये क्रिकेटच्या शिबिरांना तोटा नाही. मी मात्र बास्केटबॉलचेही नाव सुचवतो. धावणे, उडी, नेम आणि दुसऱ्याला चेंडू देण्याची सवय, हे सारे यात एकत्र मिळते. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत ती होतेच कुठे?

पण खेळ सुचवणे सोपे, शिकवणे अवघड. काही वर्षांपूर्वी मी रविवारी सकाळी कॉलनीतील मुलांना शिकवू लागलो. चेंडू माझ्या कॉलेजच्या दिवसांतला, मोठ्यांचा, सुमारे ६०० ग्रॅम वजनाचा. पहिल्याच महिन्यात सात वर्षांच्या एका मुलीच्या बोटाच्या टोकावर तो आदळला. 'मुरगळले असेल' म्हणून मी तिला घरी पाठवले. तिसऱ्या दिवशीही सूज उतरेना. क्ष-किरण तपासणीत हाडाच्या वाढीच्या भागाजवळ बारीक तडा दिसला. बोट बरे झाले, पण मुलगी मैदानाकडे फिरकेना. चूक तिची नव्हती, माझी होती.

हा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे शोधला, तो तरुण विद्यार्थ्यांसाठी. व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. सज्जा १० फुटांवर होता, म्हणून आजही रिंग १० फुटांवर आहे. ती उंची मुलांसाठी ठरवलेलीच नव्हती. बारा वर्षांखालील मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू ५ नंबरचा. सात-आठ वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा, त्याहून लहानांना ३ नंबरचा चेंडू द्यावा. रिंग नसेल तर बूड कापलेली जुनी प्लॅस्टिकची बादली सहा-सात फुटांवर घट्ट बांधा, कडा मात्र घासून घ्या.

आता शिकवण्याचा क्रम. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे पळापळीचा खेळ घ्यावा, म्हणजे अंग मोकळे होते.

पहिला धडा थांबण्याचा. शिट्टी वाजली की दोन्ही पाय एकदम टेकवून, गुडघे वाकवून उभे राहायचे. ताठ पायांवर उतरण्याची सवय लागली तर पुढे गुडघ्यांना त्रास होतो.

दुसरा ड्रिबलचा. चेंडू तळहाताने थापटायचा नाही, बोटांच्या पेरांनी खाली ढकलायचा. टप्पा कमरेच्या खाली, नजर समोर. मी हाताची बोटे उंच धरतो आणि 'किती?' विचारतो, त्यामुळे मान आपोआप वर राहते. डाव्या हातालाही तितकाच वेळ द्यावा.

तिसरा पासचा. आधी टप्प्याचा पास शिकवावा, कारण तो हळू येतो. झेलणाऱ्याने बोटे पसरून, अंगठे जवळ आणून तळहात समोर धरावेत. बोटांची टोके चेंडूकडे रोखली की दुखापत झालीच म्हणून समजा. चेंडू देण्याआधी नाव घेऊन हाक मारायची, हा आमचा नियम.

नेम सर्वात शेवटी आणि अगदी जवळून. गुण मोजू नयेत. तीस-चाळीस मिनिटे पुरेत. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत खेळ संपवावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे. दमा किंवा हृदयाचा विकार असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

बोटाला लागलेच तर ते ओढू नका, चोळू नका. आपल्याकडे ओढून 'बसवण्याची' खोड फार. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरा, हात उंच ठेवा. बोट वाकडे दिसत असेल, वाकत नसेल, किंवा सूज दुसऱ्या दिवशीही तशीच असेल तर क्ष-किरण तपासणी करून घ्या. मुलांच्या हाडातील वाढीचा भाग नाजूक असतो. वरून मुरगळल्यासारखे दिसते आणि आत तडा असतो.

ती मुलगी दुसऱ्या वर्षी पायरीवर बसून खेळ पाहू लागली. एका रविवारी मी लहान चेंडू तिच्याकडे घरंगळत सोडला. तिने तो परत घरंगळत पाठवला. आज ती खेळते, पण चेंडू अंगावर आला की अजून डोळे मिटते. म्हणून तिला आम्ही टप्प्याचाच पास देतो, तोही हाक मारून.

पालकहो, बूट नंतर घ्या. आधी चेंडूचा नंबर पाहा.