पाषाणभेद : नाव एक, वनस्पती अनेक

पाषाण भेदून वर येणारी ती ‘पाषाणभेद’, हा अर्थ बहुतेक शिक्षकांस ठाऊक असतो. परंतु ही वनस्पती कोणती, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारल्यास उत्तर देणे तितके सोपे नाही. महाराष्ट्रात कोणी पानफुटीकडे बोट दाखवितो, कोणी मायनमुळ्याकडे, तर कोणी कापूरमाधुरीकडे. मूतखड्यावर या साऱ्यांचा उपयोग करण्याची रूढी असल्यामुळे एकीचे नाव दुसरीस सहज चिकटले. औषधिकोशात पाषाणभेद म्हणून जी मान्य आहे, ती हिमालयातील बर्जेनिया होय. ती सह्याद्रीत आपण होऊन उगवत नाही. तिच्या जमिनीलगतच्या जाड, आडव्या खोडाचे वाळलेले तुकडे तेवढे काष्ठौषधींच्या दुकानात पाहावयास मिळतात.

युरोपात या कुलातील वनस्पतींस सॅक्सिफ्रेज म्हणतात. लॅटिन भाषेत ‘सॅक्सम’ म्हणजे दगड व ‘फ्रांगेरे’ म्हणजे फोडणे. खडकांच्या फटींत वाढणाऱ्या वनस्पतींस दोन दूरच्या भाषांनी एकाच अर्थाचे नाव द्यावे, ही गोष्ट भाषेच्या तासालाही सांगण्याजोगी आहे. बर्जेनियाच्या जातींची गणना पूर्वी सॅक्सिफ्रागा याच प्रजातीत होत असे. म्योंख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये बर्जेनिया ही वेगळी प्रजाती मांडली. फुलाची घडण मात्र दोहोंची सारखीच आहे : पाच पाकळ्या, दहा पुंकेसर व बहुधा दोन किंजल.

पश्चिम हिमालयात बर्जेनियाच्या तीन जाती सांगतात आणि निरीक्षणाची खरी कसोटी तेथेच लागते. तिन्हींची फुले पांढरी ते गुलाबी असल्यामुळे केवळ फुलाच्या रंगावर विसंबून चालत नाही. पान हाती घ्यावे लागते. सिलिआटा या जातीचे पान मोठे, वाटोळे व दोन्ही अंगांनी लवदार असते. लिग्युलाटाचे पानही मोठे व रुंदच. परंतु ते वरून-खालून गुळगुळीत असून लव केवळ कडेला, पापणीच्या केसांसारखी असते. या जातीस आता पॅकुम्बिस असेही म्हणतात. तिसरी स्ट्रॅचेई. हिचा वास अधिक उंचीवर. तिचे पान लहान, देठाकडे निमुळते होत गेलेले व कडेला दातेरी असून त्या कडेवरही लव असते. रिचर्ड स्ट्रॅची यांनी १८४८ मध्ये कुमाऊँ व तिबेटच्या प्रदेशात वनस्पती गोळा केल्या. त्यांचेच नाव या जातीस मिळाले आहे.

पहिल्या दोन जाती खरोखर भिन्न, की एकाच जातीची दोन रूपे, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. लवेच्या भेदावरून जात वेगळी मानावी काय, हा वाद पोरकट नव्हे. जात म्हणजे काय, हाच प्रश्न त्याच्या मुळाशी आहे आणि वरच्या वर्गांतील चौकस मुलांस तो अवश्य सांगावा. दुकानातील तुकड्यास तर पानच नसते. मग या तिन्हींत निवड कशी करावयाची? शिवाय खोडासाठी झाड खणून काढले जात असल्यामुळे हिमालयातील पुष्कळ ठिकाणी ही वनस्पती विरळ होत चालली आहे.

गावच्या शाळेत बर्जेनिया दाखविता येणार नाही, परंतु तिच्या नावावर वावरणाऱ्या वनस्पती सहज ओळखविता येतील. पानफुटीच्या फुलात पाकळ्या चार व पुंकेसर आठ. पानाच्या खाचांतून नवी रोपे फुटतात. सॅक्सिफ्रेजशी तिचे नाते आहे, पण दूरचे. मायनमुळ्याचे खोड चौकोनी, फूल दोन ओठांचे व निळसर. तो तुळशीच्या कुळातला. कापूरमाधुरीची फुले बारीक, पांढुरकी व लोकरीसारखी असून पानांच्या बगलेत येतात. ती माठाच्या कुळातली. म्हणजे पाकळ्या मोजून व खोड बोटांनी चाचपून बराचसा उलगडा होतो. त्यास भिंगही लागत नाही.

ही ओळख केवळ परीक्षेपुरती नाही. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि तिच्या वर्गातील वनस्पती खाऊन ऑस्ट्रेलियात गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. शाळेत ऐकलेले नाव मूल घरी सांगते, आणि घरात मूतखड्याचा रोगी असला तर त्या नावाचा काढाही होऊ शकतो. यास्तव वनस्पतिसंग्रहाच्या वहीत नुसते ‘पाषाणभेद’ असे लिहू देऊ नये. गावातले नाव, सापडल्याचे ठिकाण, पाकळ्यांची व पुंकेसरांची संख्या आणि पानाची कड, एवढे त्याखाली लिहवून घ्यावे. शाळेच्या बागेत पानफुटी लावली असल्यास तिची छाटणी गुरांच्या वाटेवर टाकू नये.