घटक ५ : शिक्षकाने केलेली धोरणचिकित्सा – जोतीराव फुले यांचे हंटर आयोगापुढील निवेदन

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी साध्य करता येतील :

• जोतीराव फुले यांनी हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनाची पार्श्वभूमी सांगता येईल.
• त्यातील टीकेची रचना स्पष्ट करता येईल.
• तक्रार आणि धोरणचिकित्सा यांतील भेद ओळखता येईल.
• शासकीय भाषेतील कर्तृत्वलोपाची उदाहरणे शोधता येतील.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वैचारिक गद्याची सामान्य लक्षणे पाहिली. प्रस्तुत घटकात त्या लक्षणांच्या आधारे एका विशिष्ट लेखनाचा विचार करू. हे निवेदन मुळात इंग्रजीत लिहिलेले आहे. तरीही मराठी वैचारिक परंपरेच्या अभ्यासात त्याला स्थान द्यावे लागते, कारण सार्वजनिक शिक्षणाविषयी महाराष्ट्रात पुढे जो वाद झाला त्याचे मूळ प्रश्न त्यात नेमकेपणाने मांडलेले आहेत.

१८५४ च्या शैक्षणिक खलित्याची अंमलबजावणी कशी झाली हे तपासण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून आपले निवेदन या आयोगाला सादर केले. व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी ओळख त्यांनी स्वतःच्या नावापुढे दिली आहे. परंतु निवेदनाचा खरा आधार त्यांचा शिक्षक म्हणून आलेला अनुभव हा आहे. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. पुढे महार, मांग आदी समाजांतील मुलांसाठी शाळा काढल्या. मिशनच्या मुलींच्या वसतिशाळेतही काही वर्षे अध्यापन केले. १८५५ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी दिवसभर कष्ट करणाऱ्या प्रौढांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. दिवसाचे काम आटोपून ही पुस्तिका उघडणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना त्या वर्गाशी आपले नाते सहज जाणवेल.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ 'झिरपणे' या क्रियापदाचा अर्थ

आधी वरच्या वर्गांना शिक्षण द्यावे, म्हणजे ते हळूहळू खालच्या थरांपर्यंत पोहोचेल, ही त्या काळच्या धोरणामागील कल्पना होती. मराठीत तिला 'झिरपणीचा सिद्धान्त' असे म्हणतात. या रूपकाकडे भाषेच्या अंगाने पाहावे. 'पाणी झिरपते' या वाक्यात 'पाणी' हा व्याकरणिक कर्ता आहे, परंतु ते झिरपवणारा कोणी नाही. क्रिया आपोआप घडते. त्यामुळे पाणी खाली पोहोचले नाही तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्नच उद्भवत नाही. रूपकाने धोरणकर्त्याची जबाबदारी दृष्टीआड केलेली असते.

जोतीरावांची टीका नेमकी येथे प्रहार करते. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो. तो खर्च होतो मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. कर कोण भरतो? शिकतो कोण? हे वाटप कोणी ठरवले? या प्रश्नांमुळे धोरणाच्या वाक्यात लोपलेला कर्ता पुन्हा प्रकट होतो. प्रस्तुत घटकाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे : धोरणचिकित्सा म्हणजे निर्णयामागील कर्ता आणि त्याचे परिणाम भोगणारा, या दोघांनाही वाक्यात परत आणणे.

५.३.२ टीकेची रचना : निरीक्षण, कारण, उपाय

निवेदनातील बहुतेक मुद्द्यांची मांडणी तीन पायऱ्यांनी होते.

(अ) शिक्षक : प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांतील थोडेच प्रशिक्षित आहेत आणि त्यांचे वेतन क्वचितच दहा रुपयांहून अधिक असते, हे निरीक्षण. अल्प वेतनावर सामान्य कुवतीचीच माणसे मिळतात, हे कारण. प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये द्यावेत, त्याच्याकडे गावच्या हिशेबतपासणीसारखी कामे सोपवून त्याची प्रतिष्ठा वाढवावी, हा उपाय. नांगर हाती धरण्यात कमीपणा न मानणारा आणि सामान्य जनांत सहज मिसळणारा शिक्षक त्यांना हवा होता.

(आ) अभ्यासक्रम : मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, तसेच नीती व आरोग्य यांविषयीचे काही पाठ, एवढा आशय त्यांनी सुचवला.

(इ) पर्यवेक्षण : अधिकाऱ्याची वर्षातून एकदा होणारी भेट निरुपयोगी आहे. तपासणी किमान दर तीन महिन्यांनी व्हावी, आणि काही भेटी पूर्वसूचना न देता व्हाव्यात.

(ई) वंचितांचे शिक्षण : पुण्यात अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या पाच हजारांहून अधिक वस्तीसाठी एकच शाळा असून तिची उपस्थिती तीसहून कमी आहे, असे ते दाखवतात. ही स्थिती शिक्षणाधिकाऱ्यांना भूषणावह नाही, असा अभिप्रायही ते संयत शब्दांत, पण निःसंदिग्धपणे देतात.

या सर्वांच्या वर त्यांची प्रमुख मागणी आहे : किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शेतकऱ्याला मुलाची गरज गुरे राखण्यासाठी आणि शेतकामासाठी भासते, हे ते जाणतात. म्हणूनच सक्तीच्या जोडीला शिष्यवृत्ती आणि बक्षिसेही सुचवतात. पालकाला दोष देऊन ते थांबत नाहीत.

५.३.३ दोन प्रयुक्ती

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यातील मराठी रोखठोक आणि प्रसंगी जळजळीत आहे. निवेदनाची भाषा मात्र अर्जाची, मर्यादशील आहे. वाचक बदलला म्हणून प्रयुक्ती बदलली. भूमिका बदलली नाही. आयोगाला कृती करायची होती, म्हणून तेथे रक्कम, वय आणि कालावधी यांची भाषा आली. ज्यांच्या दुःस्थितीचे वर्णन करायचे, त्या शेतकऱ्यांच्या बोलीजवळची भाषा 'असूडा'त आली.

५.३.४ निवेदनाचे पुढे काय झाले?

आयोगाने प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची शिफारस केली; सक्ती स्वीकारली नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे शिक्षण लागू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तेच केले. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे विधेयक मात्र कायदेमंडळात फेटाळले गेले. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मागणी आणि कायदा यांत १२८ वर्षे गेली. तेवढ्या काळात किती पिढ्या गुरांमागे गेल्या, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

५.३.५ आजच्या वाचनासाठी

शासकीय मराठीत 'करण्यात येत आहे' ही रचना सर्वत्र आढळते. तिच्यात कर्ता वगळता येतो. 'शाळांचे समायोजन करण्यात येत आहे' या वाक्यात निर्णय घेणारा नाही आणि दूरच्या शाळेकडे चालत निघालेले मूलही नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसहून कमी पटाच्या शाळांऐवजी 'समूह शाळा' उभारण्याचा विचार पुढे आला, तेव्हा चर्चेत 'पट कमी झाला' हे वाक्य वारंवार येत होते. हेही 'झिरपते'च्याच कुळातले वाक्य आहे. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी. तेव्हा पट कशामुळे घटला, शाळा दूर गेल्यास कोणत्या घरची मुलगी आधी घरी राहील, आणि वाचलेला पैसा कोठे जाईल, हे विचारणे शिक्षकाच्या कामाचाच भाग ठरतो. 'शिक्षक' याऐवजी 'शिक्षणसेवक' आणि 'वेतन' याऐवजी 'मानधन' हे शब्द योजल्याने काय साधते, याचा विचारही १८८२ च्या त्या १२ रुपयांच्या मागणीशेजारी ठेवून करावा.

५.४ समारोप

जोतीरावांचे निवेदन आज वाचनीय ठरते ते त्यातील संतापामुळे नव्हे, त्यातील जबाबदारीमुळे. वर्गात जे पाहिले ते त्यांनी सांगितले, त्याचे कारण दाखवले आणि उपायाची रक्कमही लिहिली. अशी टीका नाकारता येते, पण ती समजली नाही असे सत्तेला म्हणता येत नाही.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'झिरपणे' या क्रियापदातून कोणती धोरणविषयक भूमिका सूचित होते?
२. शिक्षकांविषयीच्या मुद्द्यातील निरीक्षण, कारण व उपाय आपल्या शब्दांत लिहा.
३. एखाद्या शासन निर्णयातील 'करण्यात येत आहे' या रचनेची पाच वाक्ये निवडा आणि प्रत्येकात कर्ता घालून ती पुन्हा लिहा.
४. आपल्या गावातील शाळेच्या एका अडचणीविषयी शिक्षणाधिकाऱ्यांना २०० शब्दांचे निवेदन लिहा. त्यात किमान एक स्वतः मोजलेली संख्या आणि एक अमलात आणता येईल असा उपाय असावा.