पाऱ्याची रूपं वेगळी कशी ओळखतात?

प्रश्न : खाडीच्या पाण्याच्या आणि गाळाच्या तपासणी अहवालात ‘एकूण पारा’ आणि ‘मिथाइल पारा’ असे वेगवेगळे आकडे दिसले. पारा तो पाराच. मग यंत्राला फरक कळतो कसा? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : यंत्राला तो कळतच नाही! शेवटचा डिटेक्टर फक्त पाऱ्याचे सुटे अणू ओळखतो. 253.7 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की हे अणू चमकतात आणि ती चमक मोजली जाते. अणू कुठल्या संयुगातून आला, याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून रूपं आधीच वेगळी काढून एकामागोमाग एक त्याच्यापुढे आणावी लागतात.

एकूण पारा मोजणं त्यामानाने सोपं. सगळी संयुगं मोडायची, स्टॅनस क्लोराइड घालून धातुरूप पारा करायचा आणि त्याची वाफ सोन्याचा मुलामा दिलेल्या वाळूवर पकडायची. थर्मामीटर फुटून कुणाच्या अंगठीला पारा लागला की सोनं पांढरं पडतं, ते याच ओढीमुळे. तापवलं की सोनं पारा सोडून देतं.

मिथाइल पारा मोजताना मात्र रेणू मोडून चालत नाही. आधी नमुन्याचं ऊर्ध्वपातन करून क्षार मागे ठेवतात. मग सोडियम टेट्राएथिलबोरेट घालतात. त्याने मिथाइल पाऱ्याला एक एथिल गट चिकटतो, साध्या असेंद्रिय पाऱ्याला दोन. दोन्ही रूपं आता उडून जाणारी होतात. पण क्रोमॅटोग्राफच्या नळीतून हलकं आधी बाहेर पडतं, जड नंतर. तिथून पुढे तापलेल्या नळीत त्यांचे सुटे अणू होतात. कोण कधी आलं, यावरून ओळख पटते. लिटरभर पाण्यातला 0.02 नॅनोग्रॅम मिथाइल पाराही असा सापडतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

इतक्या बारीक मोजमापात खरी गोम यंत्राबाहेरच असते. गाळात मिथाइल पारा बहुधा एकूण पाऱ्याच्या एक टक्काही नसतो. तो समजा अर्धा टक्का आहे आणि ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेत उरलेल्या पाऱ्यापैकी 0.05 टक्के पाऱ्याला मिथाइल गट चिकटला, तर उत्तर दहा टक्क्यांनी फुगतं. असं खरोखर घडतं, हे 1990च्या दशकात लक्षात आलं. त्यावरचा उपाय मला फार आवडतो : पाऱ्याची सात स्थिर समस्थानिकं आहेत. त्यातलं 199 वजनाचं असेंद्रिय रूपात मुद्दाम नमुन्यात मिसळायचं आणि शेवटी वजनं ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर लावायचा. मिथाइलच्या वाट्यात 199 जास्तीचं निघालं, तर तेवढी भर प्रयोगशाळेतच पडली!

नमुना घेतानाही दोघं लागतात. एक जण होडी, दोर, बाहेरची पिशवी हाताळतो. दुसरा फक्त आतली बाटली. अतिरेक वाटेल, पण पाणी स्वच्छ असेल तर हातमोज्याची धूळही आकडा बिघडवते.

मासळीत ही कसरत बऱ्याचदा टाळता येते. सुरमईसारख्या शिकारी माशांच्या मांसातला बहुतेक पारा मिथाइल रूपातच असतो. त्यामुळे पुष्कळ प्रयोगशाळा फक्त एकूण पारा मोजतात आणि तो सगळाच मिथाइल धरून चालतात.