काळी घोंगडी

दूरदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याच मुलखातील जुनी वस्तू कधी कधी नव्याने दिसू लागते. काही महिने ऑस्ट्रेलियात राहून मी कंधारला परतलो, तेव्हा घोंगडीच्या बाबतीत माझे असेच झाले.

ऑस्ट्रेलियात इ. स. १७९७ मध्ये मेरिनो जातीच्या मेंढ्या प्रथम आल्या आणि पुढे त्यांच्या लोकरीवर तेथे मोठा व्यापार उभा राहिला. या लोकरीचा तंतू फारच बारीक असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी भरते. तिचे कापड गालाला लावले तरी टोचत नाही.

परतल्यावर मी कंधारशेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावी खंडोबाच्या यात्रेस गेलो. तेथे एक वृद्ध विणकर घोंगड्या मांडून बसला होता. एका घोंगडीवरून हात फिरवीत मी म्हणालो, "बाबा, ही फार खरखरीत लागते हो!"

तो हसून म्हणाला, "हाताला लागते खरी, गुरुजी; पण पावसात रानात अंगावर घेऊन बघा."

त्याचे म्हणणे खरे होते. आपली दख्खनी मेंढी ऊनपाऊस सोसत माळरानावर चरते. तिची लोकर जाडीभरडी असते आणि वर्षाकाठी एका मेंढीपासून ती किलोभरही मिळत नाही. परंतु लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही. शिवाय घोंगडीच्या घट्ट विणीतून पाणी चटकन झिरपत नाही. म्हणूनच मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ घेतो, थंडीत तीच पांघरतो आणि रात्री तीच अंथरतो. मऊपणा हा मेरिनो लोकरीचा गुण, तर काटकपणा हा दख्खनी लोकरीचा.

एक घोंगडी अनेक हातांतून जाते. मेंढपाळ लोकर कातरतो. ती पिंजून स्त्रिया चरख्यावर सूत काढतात. ताण्याच्या सुताला चिंचोक्यांची खळ देतात, म्हणजे ते मागावर तुटत नाही. मग खुटेकर धनगर किंवा सनगर विणकर खड्ड्याच्या मागावर बसून घोंगडी विणतो. काळ्या मेंढीच्या लोकरीला रंग द्यावा लागत नाही.

आज मात्र ही साखळी तुटू लागली आहे. यंत्रावर विणलेली स्वस्त ब्लँकेटे आली आणि घोंगडीची मागणी घटली. लोकरीला भाव मिळेना, म्हणून अनेक मेंढपाळ मांसासाठी वजनदार, पण कमी लोकरीच्या मेंढ्या पाळू लागले. कित्येकदा कातरलेली लोकर तशीच टाकून दिली जाते. मागणी नाही म्हणून माग थांबतो आणि माग थांबला म्हणून लोकर वाया जाते.

मुलांनो, फार दिवस रेंगाळलेल्या कामाला आपण 'भिजत घोंगडे' म्हणतो, कारण भिजलेले घोंगडे लवकर वाळत नाही. ज्या घरात घोंगडी उरली नाही, तेथील मुलाला हा वाक्प्रचार पाठ होईल, पण त्यातील मर्म उमगणार नाही. तुमच्या गावाजवळ एखादा माग अजून चालत असेल, तर तेथे जाऊन विणकराचे काम पाहा, त्याला प्रश्न विचारा आणि घोंगडी एकदा अंगावर घेऊन पाहा.