जाळीचा मांडव

ठाण्याहून निघून कशेळी, काल्हेर ही गावे मागे टाकली, की भिवंडीच्या वाटेवर पूर्णा हे गाव लागते. पूर्वी ह्या परिसरात भातशेती होत असे. आज तेथे गोदामांच्या लांबच लांब रांगा दिसतात. रस्त्यावर मालमोटारींची रीघ असते. डोक्यावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. अशा गावातील एखाद्या मुलाला चार पंख्यांचे चिमुकले ड्रोन उडवून पाहावेसे वाटले, तर त्याने ते कोठे उडवावे?

प्रश्न साधा दिसतो, परंतु तो तसा नाही. शंभर ग्रॅमांहूनही हलके असे ड्रोन मिळते हे खरे. पण त्याचे पंखे मिनिटाला हजारो फेरे घेतात. ते डोळ्याला लागले, तर इजा होईल. वाऱ्याने भरकटून ते रस्त्यावर गेले, तर दुचाकीस्वार दचकून पडेल. म्हणून कोणी म्हणेल, "मुलांनी ड्रोन उडवूच नये." परंतु आज शेतात औषध फवारण्यासाठी, गावाच्या जमिनीची मोजणी करण्यासाठी आणि पुरात अडकलेल्यांचा शोध घेण्यासाठी ड्रोन वापरले जाते. ही विद्या कोणीतरी शिकलीच पाहिजे. आणि चुका केल्यावाचून कोणतीही विद्या येत नाही. तेव्हा चूक झाली तरी कोणाचे नुकसान होणार नाही, अशी जागा निर्माण करणे हाच खरा उपाय होय.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील राइट बंधूंनी १९०१ साली सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी तयार केली. तिच्यातून वारा सोडून त्यांनी पंखांचे लहान लहान नमुने तपासले. पेटीत एखादा नमुना चुकीचा ठरला, तरी कोणाचा जीव जात नव्हता. पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले, त्यामागे ह्या पेटीतील अभ्यास होता. अमेरिकेतीलच मिशिगन विद्यापीठाने २०१८ साली ड्रोनांच्या प्रयोगांसाठी सुमारे ५० फूट उंचीचे जाळीचे प्रचंड दालन उभारले. वारा, पाऊस व ऊन जाळीतून आत येतात. ड्रोन मात्र बाहेर जात नाही.

शाळेच्या पटांगणासाठी एवढा मोठा खटाटोप करण्याचे कारण नाही. नळकाम करणारे कारागीर जे प्लास्टिकचे पाइप वापरतात, त्यांतून १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच असा मांडव उभा राहतो. घनाला बारा कडा असतात. म्हणून दीड इंच जाडीचे, १० फुटी बारा पाइप लागतात. कोपरे आठ, म्हणून तीन तोंडांचे आठ सांधे लागतात. सांधे डिंकासारख्या द्रावणाने कायमचे चिकटवू नयेत. भोक पाडून त्यांत स्क्रू बसवावेत, म्हणजे मांडव पुन्हा सोडवता येतो.

एवढे केले, तरी मांडव डुलतो. ह्याचे कारण भूमितीत आहे. चौकोनाच्या बाजू न बदलताही तो तिरपा होऊ शकतो. त्रिकोण तसा होत नाही. म्हणून चारही बाजूंना कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून बांधावी. कर्णाची लांबी सुमारे १४ फूट भरते. दोरी ओढ सहन करते, दाब सहन करत नाही. म्हणून प्रत्येक बाजूस दोन दोऱ्या फुलीसारख्या बांधाव्या लागतात. मांडव हलका असल्याने वाऱ्याने सरकू नये, ह्यासाठी चारही पायांशी वाळूच्या गोण्या ठेवाव्यात.

आता जाळी. कबुतरे येऊ नयेत म्हणून सज्जांना लावतात, ती नायलॉनची जाळी ह्या कामी उत्तम. तिची भोके एक इंचाहून लहान असावीत. चार बाजू आणि छत मिळून ५०० चौरस फूट होतात. परंतु जाळी ताणून बसवावयाची नाही, म्हणून दहावा हिस्सा अधिक, म्हणजे ५५० चौरस फूट जाळी घ्यावी. दाराच्या जागी दोन फूट जाळी पडद्यासारखी एकमेकींवर येऊ द्यावी. तेवढी जाळी आणखी वेगळी धरावी.

जाळी सैल का ठेवावयाची? क्रिकेटचा चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो, त्याचे कारण आठवावे. चेंडू थांबण्यास जितके अधिक अंतर मिळते, तितका हाताला बसणारा मार कमी होतो. कडक भिंतीवर आदळलेले ड्रोन एका सेंटिमीटरात थांबले आणि सैल जाळीत ते वीस सेंटिमीटरांत थांबले, तर जाळीत त्याला सरासरी विसावा हिस्साच जोर सोसावा लागतो. म्हणूनच जाळी पाइपांच्या आतील बाजूस, त्यांच्यापासून थोडी दूर लोंबती ठेवावी; नाहीतर ड्रोन पाइपावर आदळेल.

कोणाला वाटेल, लोखंडी तारेची जाळी अधिक टिकेल. पण ड्रोनला आज्ञा पोहोचतात त्या रेडिओलहरींनी, आणि धातूची जाळी ह्या लहरींना अडथळा करू शकते. नायलॉन त्यांना अडवत नाही.

मांडव उभारताना छताची चौकट आधी जमिनीवर जोडून तिला जाळी बांधावी. मग चार मोठ्या माणसांनी ती उचलावी आणि खाली उभे पाइप बसवावेत. मुलांनी शिडीवर चढू नये. खाली नक्षीची जुनी सतरंजी अंथरावी. काही ड्रोनांना पोटाशी कॅमेरा असतो; जमिनीवरील खुणा पाहून ते स्थिर राहते. सपाट, चकचकीत जमिनीवर ते गोंधळते.

मांडव झाला, तरी शिस्त हवीच. ड्रोन चालवणाऱ्याने जाळीबाहेर उभे राहावे. पंखे पूर्ण थांबल्यावाचून कोणी आत जाऊ नये. फुगलेली बॅटरी वापरू नये. सोसाट्याचा वारा असेल, त्या दिवशी खेळ बंद ठेवावा. काम संपताच जाळी उतरवावी. नाहीतर तिच्यात पाखरे अडकतात. उन्हात सतत राहिलेले प्लास्टिक कालांतराने ठिसूळ होते, म्हणून पाइपही सावलीत ठेवावेत.

मांडवात हात बसला, की मोकळ्या आकाशाची ओढ लागणारच. तेथे देशाचे नियम आहेत. भारत सरकारने २०२१ साली ड्रोन नियम केले. त्यांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग पाडण्यात आले असून पिवळ्या व लाल भागांत परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनांना 'नॅनो' म्हणतात. ती चालवण्यास वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण म्हणून ती कोठेही उडवता येतात असे नाही.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. एक धागा सहज तुटतो. अनेक धागे एकत्र विणले, की त्यांचे बळकट वस्त्र होते. जाळीचेही तसेच. ती मुलाचे ड्रोन अडवते, परंतु त्याची हौस अडवत नाही. ती रस्त्यावरून जाणाऱ्याला निर्धास्त ठेवते आणि शिकणाऱ्याला शंभर वेळा चुकण्याची मोकळीक देते.

स्वाध्याय

१. ड्रोनसाठी धातूची जाळी का वापरू नये?
२. चौकोनी चौकटीला कर्णावर दोरी बांधल्याने काय साधते?
३. मांडव ८ फूट लांब, ८ फूट रुंद व ८ फूट उंच करावयाचा झाल्यास किती जाळी लागेल? दहावा हिस्सा अधिक धरावा.
४. पाइप, सांधे, दोरी व जाळी ह्यांचे भाव जवळच्या दुकानात विचारून मांडवाच्या एकूण खर्चाचा अंदाज काढा.