पाण्यातले जीव काय सांगतात?

मंडळी, पाणी चांगले की वाईट, हे आपण कशावरून ओळखतो? रंगावरून, वासावरून आणि चवीवरून. पण आणखी एक खूण आहे. ती म्हणजे पाण्यात राहणारे लहान लहान जीव.

आम्ही पुण्यात शिक्षक होतो. एका रविवारी आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी गेलो. तेथील ओढ्याचे पाणी पुढे खडकवासल्याच्या धरणात जाते. बरोबर एक जुनी चाळणी, एक पांढरी थाळी आणि एक भिंग होते. पाणी घोट्याएवढेच होते.

मुलांनी पाण्यातला दगड उलटा केला. खाली चपटे किडे चिकटून बसले होते. त्यांच्या शेपटीला केसासारखे तीन धागे होते. चाळणीत चतुराचे पिल्लू आले. चतुर हवेत उडतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचे बालपण पाण्यात जाते. तेथे तो डासांच्या अळ्या खातो. म्हणजे तो आपला मित्रच! पाहून झाल्यावर मुलांनी सर्व जीव पाण्यात परत सोडले.

पुढच्या रविवारी आम्ही शहरात ओंकारेश्वराजवळ मुठा नदीवर गेलो. पाणी काळे होते. नाकाला रुमाल लावावा लागला. मुलांना काठावर उभे करून आम्ही लांब काठीला डबा बांधला आणि गाळ काढला. थाळीत चपटे किडे नव्हते. लाल दोऱ्यासारख्या अळ्या तेवढ्या वळवळत होत्या.

असे का झाले? पाण्यात हवा मिसळलेली असते. त्या हवेतील प्राणवायूवर पाण्यातले जीव जगतात. शहराचे सांडपाणी नदीत आले, की त्यातली घाण जंतू खातात. ते वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग चपट्या किड्यांसारखे नाजूक जीव गुदमरून मरतात. लाल अळ्या मात्र तग धरतात. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्यासारखाच असतो. तो थोडासा प्राणवायूही धरून ठेवतो.

तेवढ्यात एका मुलाने विचारले, "गुरुजी, आमच्या आजीचं गाव खाली भीमेकाठी आहे. हेच पाणी तिकडं जातं का?"

आम्ही म्हणालो, "होय बाळ. मुठा संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमेचं पाणी पुढे उजनी धरणात जातं."

"मग आमची आजी काय करील?"

मुले गप्प झाली. आम्हीही क्षणभर गप्प झालो. वाहते पाणी थोडी घाण स्वतः पचवते. पण घाण फार झाली, की नदीचेही काही चालत नाही. वरच्यांनी टाकलेले खालच्यांना भोगावे लागते.

पाण्यातल्या जीवांची माहिती किती उपयोगी पडते, ते नारूच्या रोगावरून कळते. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचे रोगी उतरत. त्यांच्या पायातून नारूची पिल्ले पाण्यात पडत. तेथे एक बारीक जीव ती गिळी. तो जीव पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाई. पाणी वरून स्वच्छ दिसे! हे कळल्यावर लोक पाणी दुहेरी फडक्याने गाळू लागले. पायऱ्या बंद झाल्या. भारतातला नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली आढळला. २००० साली आपला देश नारूमुक्त ठरला.

आज पुण्यात जीवितनदी नावाची संस्था लोकांना नदीकाठी नेऊन नदीची ओळख करून देते. आपणही आपल्या गावच्या ओढ्याची ओळख करून घेऊ या. उथळ जागी दगड उचलून पाहा. मुलांना एकटे सोडू नका. नंतर साबणाने हात धुवा.

पण एक गोष्ट विसरू नका. चांगले जीव दिसले, तरी ते पाणी तसेच पिऊ नका. रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी गाळा आणि खळखळून उकळा. घरचे सांडपाणी ओढ्यात सोडू नका. त्यासाठी शोषखड्डा करा. आपल्याही खाली कोणाची तरी आजी राहते.

प्रश्न
१. चतुराचे पिल्लू पाण्यात काय खाते?
२. घाण पाण्यात नाजूक जीव का मरतात?
३. नारूचा रोग कसा पसरत असे?
४. तुमच्या गावचे पाणी पुढे कोणत्या गावाला जाते?